पुणे आणि आसपास: धावायला देखणे रस्ते, टेकड्या आणि त्यांच्या खोडी

मुठेकाठ
पुण्यात कुठे धावावं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "टेकडीवर जा." कुठली टेकडी, कुठल्या बाजूने, कुठल्या महिन्यात, आणि त्या दिवशी पायांना काम काय द्यायचंय, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. प्रत्येकाने माहितीतल्या जागेबद्दल चार गोष्टी लिहा: पायाखाली काय आहे, सावली किती, पाणी मिळतं का, गर्दी केव्हा होते. "भारी आहे", "स्वर्ग आहे" एवढंच लिहिलंत तर कोणाला उपयोग नाही.

सुरुवात तळजाईपासून. पाचगाव-पर्वती वनविहार हे तिचं सरकारी नाव. शहरातल्या टेकड्यांत सुरुवात करायला ही सगळ्यांत सोयीची, कारण वर सपाटी आहे. मुरमाचे रुंद रस्ते, चढ-उतार सौम्य, झाडी बऱ्यापैकी. वनखात्याची फाटकं ठरलेल्या वेळांतच उघडी असतात, त्या वेळा बदलतात, म्हणून फाटकावरचा फलक पाहूनच आत जा. रविवारी सातनंतर कुटुंबंच्या कुटुंबं येतात. तेव्हा वेगात धावायचं असेल तर जागा चुकली. आरामाच्या धावण्याला मात्र कधीही चालेल.

दुसरी जागा विद्यापीठाचं आवार. ४०० एकरांहून मोठं, जुनी वडा-पिंपळाची झाडं, डांबरी रस्ता, वाहनं कमी. मुख्य इमारत म्हणजे इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम. तिच्याभोवतीचा भाग सकाळी पाहण्यासारखा असतो. खोडी दोन: गतिरोधक, आणि वडाच्या मुळांनी उचललेल्या कडा. पहाटे अंधारात दोन्ही दिसत नाहीत. ओळखपत्र खिशात ठेवा, फाटकावर विचारतात.

कातळ
वेताळ टेकडीबद्दल मी लिहितो.

शहर साधारण ५६० मीटरवर, वेताळ टेकडीचा माथा साधारण ८०० मीटरवर. म्हणजे कुठूनही चढलात तरी दोनशे मीटरच्या आसपास चढ आलाच. बाजू निवडणं महत्त्वाचं:

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडून डांबरी रस्ता वरपर्यंत जातो. चढ एकसारखा आहे, त्यामुळे चढाचे रिपीट (तोच चढ पुन्हा पुन्हा) मारायचे तर इथेच. लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीकडून पायवाट तोकडी आणि उभी. धावत चढायचा हट्ट धरू नका, हात मांडीवर टेकवून चाला. गोखलेनगर आणि चतुःशृंगीकडून चढ टप्प्याटप्प्याने येतो. पंचवटीकडची बाजू सकाळी डोंगराच्या सावलीत असते, एप्रिल-मे महिन्यांत तिचा फायदा घ्या.

वर पोचलात की वेताळबाबाचं देऊळ, जुनी दगडखाण, आणि तिच्याभोवतीच्या वाटा. नुसतं वरच्या वर फिरून ८-१० किमी सहज होतात. खाणीच्या कडेने धावताना आतल्या बाजूच्या वाटेवर जाऊ नका, कडा तुटक्या आहेत आणि कठडा सगळीकडे नाही.

पाणी वर मिळत नाही. तासाभरापेक्षा जास्त वेळ असाल तर अर्धा लिटर बरोबर हवंच.

साडेपाच_वाजता
छान धागा. एक प्राथमिक शंका. सहकारनगर भागातून तळजाई जवळ पडते. सध्या ५ किमी न थांबता होतात, तेही सपाट रस्त्यावर. टेकडीवर गेलं की गुडघे जातात असं सगळे सांगतात. खरं काय? आणि ट्रेलचे (कच्च्या पायवाटेचे) वेगळे बूट घ्यावेच लागतात का?

टाच_पंजा
गुडघे टेकडीने जात नाहीत, उताराने कुरकुरतात, आणि तेही उतरायची पद्धत चुकली तर. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो. त्या कामाची सवय नसली की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लोक त्याला गुडघेदुखी म्हणतात, दुखत असते मांडी. सवय लावायला पहिले तीन-चार आठवडे चढ धावा आणि उतार चालत उतरा. मग उताराचा थोडा थोडा भाग धावायला घ्या.

उतरताना तीन गोष्टी. पाऊल लहान आणि भराभर. अंग मागे टाकायचं नाही. मागे टाकलं की टाच आधी पडते आणि ब्रेक लागतो, मुरमावर नेमकं तेव्हाच घसरतं. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे हवी.

बूट: तळजाईच्या रुंद रस्त्यांना नेहमीचे रस्त्याचे बूट पुरतात. वेताळच्या पायवाटांना ४-५ मिमी दात असलेला तळ असला तर बरं. पण एक गैरसमज काढून टाका: सुट्या खड्यांखाली सपाट कातळ असेल तर दात काही करत नाहीत. खडे गोट्यांसारखे घरंगळतात, त्यांच्यावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे उपाय एकच, वेग कमी.

बुटाच्या वरच्या टोकाला जे जास्तीचं भोक असतं ते शोभेचं नाही. त्याच बाजूच्या दोन भोकांमधून नाडीचा लहान फास करा, समोरची नाडी त्यातून ओवा आणि खाली ओढून बांधा. टाच जागेवर राहते, उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. नखं काळी पडणं बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. नखं कापलेली असणं गृहीत धरलंय.

पेठकर
टेकड्या-टेकड्या काय लावलंय. पेठेत राहणाऱ्याने आधी रिक्षा करून टेकडीला जायचं आणि मग धावायचं का?

पर्वती. १०३ पायऱ्या, नानासाहेब पेशव्यांच्या वेळचं देवस्थान, पहाटे वरून सगळं शहर दिसतं. पण या पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत. जिन्यासारखी एका पायरीला एक ढांग बसत नाही, मध्ये अर्धं पाऊल टाकावं लागतं आणि दर वेळी तोच पाय पुढे येतो. म्हणून एका फेरीत डाव्याने सुरुवात, पुढच्या फेरीत उजव्याने. ६ ते ८ फेऱ्या भरपूर झाल्या. उतरताना धावू नका, दगड पावलांनी गुळगुळीत झालेत.

दुसरं, नदीपात्रातला रस्ता. रविवारी सहाच्या आधी तिथे बऱ्यापैकी शांत असतं, सपाट आहे, पेठेतून चालत पाच मिनिटं. वास आणि चिलटं यांची जबाबदारी माझ्यावर नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ताही. "थोडंच पाणी आहे" म्हणून आत शिरू नका. पाणी ओसरल्यावरही दोन-तीन दिवस गाळ असतो. त्याच्यावर घसरून पडणं पुणेकराला शोभत नाही, हसणारे फार असतात.

कातळ
@पेठकर, हनुमान टेकडी विसरलात. फर्ग्युसनच्या मागे, पेठेपासून धावत जाण्याच्या अंतरावर. चढ वेताळपेक्षा कमी, वरची वाट आखूड. पाऊण तासात घरून निघून घरी परत असं गणित असेल तर तीच योग्य.

गिरिपुष्प
ऋतूंचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एकच वाट वर्षात चार वेगवेगळ्या वाटा असते.

जून ते सप्टेंबर: उघड्या कातळावर शेवाळ धरतं. काळपट-हिरवा आणि चमकणारा दगड दिसला की पाय गवताच्या कडेला टाका. काळी माती असेल तिथे बुटाला किलोभर चिखल चिकटतो, दर दोनशे मीटरला दगडाच्या धारेवर खरवडावा लागतो. मुरूम मात्र पाणी पटकन जिरवतो. मोठा पाऊस थांबल्यावर तळजाईच्या मुरमी रस्त्यांवर धावता येतं, तेव्हा काळ्या मातीच्या वाटा लोण्यासारख्या झालेल्या असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: डोळ्यांना सगळ्यांत छान आणि पायांना सगळ्यांत तापदायक, कारण कुसळी गवत पिकलेलं असतं. पोटरीपर्यंत मोजे घाला. जाळीदार कापडाचे बूट असतील तर कुसळ आरपार शिरतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी: हा खरा हंगाम. सूर्योदय जानेवारीत सातच्या पुढे जातो (जूनमध्ये सहाच्या आत असतो), त्यामुळे पाचला निघणाऱ्याने दीड-दोन तास अंधारच धरावा. डोक्याचा दिवा लागतोच. २०० ल्युमेन पुरेसे आहेत.

मार्च ते मे: गवत वाळलेलं असतं आणि वणवे लागतात. वर धूर दिसला तर "बघून येऊ" म्हणू नका, वाऱ्याच्या दिशेने आग माणसापेक्षा जोरात येते. आठपर्यंत खाली उतरलेलं बरं.

साप: या टेकड्यांवर घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. दोन्ही पळून जात नाहीत, जागेवर बसून राहतात. घोणस वाळक्या पाचोळ्यात ओळखूही येत नाही. अंधारात गवतातून जाणारी आडवाट टाळा, रुंद वाटेवर राहा. दंश झालाच तर पाय आवळून बांधू नका, चिरू नका. पाय हलवायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून सरळ रुग्णालयात.

आणि एक विनंतीवजा तक्रार. वळणाची वाट सोडून सरळ खाली उतरणारी जी आडवाट धावणारे पाडतात, तिच्यातून पहिल्याच पावसात पाणी वाहू लागतं. दोन वर्षांत घळ होते, चार वर्षांत झाडाची मुळं उघडी पडतात. घड्याळात २० सेकंद वाचतात म्हणून टेकडी झिजवू नका. वेताळवर आधीच रस्त्यांचे नि बोगद्यांचे प्रस्ताव येत असतात, त्यात आपण भर घालायला नको.

निगडीवाली
पिंपरी-चिंचवडला नेहमीप्रमाणे विसरलात. 😀

निगडीची दुर्गा टेकडी: झाडी दाट, बांधीव वाटा, लहान आवाका. लाँग रनला पुरणार नाही, पण सावली अशी की मे महिन्यातही आठला धावता येतं.

घोरावडेश्वर: जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, शेलारवाडीजवळ. वर लेणी आणि शंकराचं देऊळ. पायऱ्यांची चढण आहे, पर्वतीपेक्षा बरीच जास्त, मधे थांबायला टप्पे आहेत. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा.

भंडारा डोंगर: इंदोरीजवळ, तुकोबांचा डोंगर. वरपर्यंत डांबरी घाटरस्ता, त्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्यांना चढाचा सराव करायला हे चांगलं ठिकाण. वरून इंद्रायणीचं खोरं दिसतं. घाटात वळणावर आतल्या कडेने जाऊ नका, वरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. वळणापुरतं बाहेरच्या कडेला या, मग परत उजवीकडे.

बायकांसाठी: वरच्या यादीतल्या कुठल्याही टेकडीवर सूर्योदयाच्या आधी एकटीने जाऊ नका, असं सांगायला आवडत नाही, पण सांगते. किमान तिघी हव्यात. फोनवर लाइव्ह लोकेशन घरच्या एकाला, दोन्ही कानांत इअरफोन नको. विद्यापीठाचं आवार आणि रेसकोर्सचा परिसर त्या मानाने बरा, सतत माणसं असतात.

कुत्री: टोळी अंगावर आली तर धावणं थांबवा. धावणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव. तोंड त्यांच्याकडे ठेवून, नजरेला नजर न देता, हळू मागे सरका. जमिनीवरून दगड उचलल्यासारखं वाकलं की बहुतेक टोळ्या थबकतात, दगड मारायची गरज पडत नाही. ओरखडा जरी आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. "पाळलेलं वाटत होतं" हे कारण चालत नाही.

समुद्रपातळी
मुंबईहून चार दिवसांसाठी पुण्यात येणं आहे, मुक्काम डेक्कनला. हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, रविवारी १६ किमी करायचे आहेत. सवय मरीन ड्राइव्हची, म्हणजे सपाट आणि न थांबता. टेकडी नको. उंचीमुळे दम लागेल का?

मुठेकाठ
@समुद्रपातळी, गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्ता, पुढे गणेशखिंड रस्त्याने विद्यापीठ. एका बाजूला साधारण ४ किमी. आत ८ किमी फिरा, त्याच रस्त्याने परत. झाले १६. जाताना किंचित चढ, येताना उतार, त्यामुळे शेवटचे चार आपोआप बरे जातात. साडेपाचला निघा. साडेसातनंतर गणेशखिंड रस्त्यावर धावणं म्हणजे शिक्षा. पदपथावर पेव्हर ब्लॉक आहेत, एखादा खचलेला असतो आणि घोटा तिथेच मुरगळतो. पहाटे रस्ता रिकामा असेल तर डांबरावरच, उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा.

टाच_पंजा
उजव्या कडेबद्दल एक पुरवणी. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. १६ किमी एकाच कडेने धावलं तर एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी गुडघ्यापाशी घासायला लागते. विद्यापीठात वाहनं फारशी नसतात, तिथे मुद्दाम मध्यातून धावा किंवा फेरीची दिशा उलटी करा.

उंचीचं म्हणाल तर ५६० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६ टक्क्यांनीच कमी असतो. दम त्याने लागत नाही. फरक पडतो तो कोरड्या हवेचा. मुंबईत घाम अंगावरून निथळतो, म्हणून पाणी प्यायची आठवण राहते. इथे घाम आल्या आल्या उडून जातो, टीशर्ट कोरडा राहतो आणि वाटतं की घाम आलाच नाही. शर्टावर पांढरी मिठाची रेघ उमटली की समजायचं, घाम बराच गेलाय. १६ किमीला निदान अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर. हिवाळ्यातही.

पेठकर
आणि परत आल्यावर नीरा. सकाळी लवकर घेतलीत तरच, ऊन चढलं की ती आंबते आणि मग तिचं नाव बदलतं.

साडेपाच_वाजता
रेसकोर्सचा उल्लेख आला म्हणून विचारतो, तिथे कोणालाही जाता येतं का?

निगडीवाली
फिरायला-धावायला लोक सकाळी जातात. सपाट, मोकळं आभाळ, शेजारी एम्प्रेस गार्डनची झाडी. पुण्यातल्या घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. शर्यतीच्या दिवशी विसरा. एरवीही सकाळी घोड्यांचा सराव चालू असतो. घोड्यांच्या मार्गिकेत पाय टाकायचा नाही, आणि घोडा जवळून जाताना हातवारे, आरडाओरडा नको. सावली जवळजवळ नाही, हे लक्षात ठेवा.

कातळ
आता शहराबाहेर.

सिंहगड दोन वाटांनी. पहिली आतकरवाडीची पायवाट: अडीच ते पावणेतीन किमी, चढ साधारण ६०० मीटर. आकडे नीट वाचा. सरासरी चढ २० टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे धावणं नावापुरतंच, बहुतेकांसाठी ही जलद चालायची वाट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तास ते सव्वा तास, नियमित सराव असलेल्याला ३५-४५ मिनिटं. पहिली दहा मिनिटं जाणूनबुजून हळू जा. इथे लोक चुकतात ते खाली, कळतं अर्ध्यावर. उतरताना चढणाऱ्याला वाट द्या. रविवारी सातनंतर या वाटेवर उतरत धावणं दुसऱ्याला धोक्याचं आहे; मधल्या वारी या, किंवा साडेपाचला चढायला लागा.

दुसरी वाट गाडीरस्त्याची: गोळेवाडी नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत ८-९ किमी. डांबर, वळणं, खडकवासल्याचं पाणी खाली चमकताना दिसतं. लांब, न तुटणाऱ्या चढाचा सराव करायचा तर जवळपास याच्या तोडीचं काही नाही. वेग बघू नका, श्वास बघा: तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. शनिवार-रविवारी नऊनंतर गाड्यांची रांग आणि क्लचचा वास. पावसाळ्यात दरडी पडतात, रस्ता बंदही करतात. धुकं असेल तर भडक रंगाचं जाकीट हवंच.

वर मटक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी. दही खाऊन लगेच उतरत धावू नका, एवढंच सांगतो.

साडेपाच_वाजता
आणि कात्रज-सिंहगड?

कातळ
जुन्या कात्रज बोगद्याजवळ, वाघजाईच्या देवळापाशी चढायचं आणि डोंगराच्या धारेने पश्चिमेला. मोजणारे तेरा टेकड्या मोजतात, अंतर १५ किमीच्या आसपास, शेवट सिंहगडाच्या घाटरस्त्यावर. प्रत्येक टेकडी उतरली की पुढची पुन्हा पहिल्यापासून. उतार बुळबुळीत मुरमाचे आणि उभे.

अडचणी तीन. पाणी वाटेत कुठेच नाही: हिवाळ्यात दोन लिटर, मार्चनंतर तीन, आणि मार्चनंतर जाऊच नका. सावली नाही: सकाळी निघालात तर ऊन पाठीवर येतं एवढाच दिलासा. आणि गवत वाढलं की धारेवरून फुटणाऱ्या गुरांच्या वाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात. वाट डावी-उजवीकडे खाली उतरायला लागली आणि पुढची टेकडी समोर नसेल, तर चुकलात, परत धारेवर या. फोनमध्ये वाट आधी उतरवून ठेवा, वर नेटवर्क येतं-जातं. लोक ही वाट चांदण्या रात्री करतात ते चालायला. रात्री धावू नये.

गिरिपुष्प
तीन लिटर पाठीवर घेऊन ते धावणं राहत नाही हो.

कातळ
नाहीच राहत. म्हणून तर लिहिलं, मार्चनंतर जाऊ नका.

मुठेकाठ
खडकवासल्याच्या मागचा भाग राहिला. दोन काठ आहेत आणि लोक चुकीचा निवडतात.

दक्षिणेचा काठ म्हणजे पानशेत रस्ता, डोणजे-खानापूरकडून. पाणी सतत उजव्या हाताला, दिसायला सुरेख. पण सुट्टीच्या दिवशी आठनंतर सहलीच्या गाड्या, दुचाकींचे ताफे, आणि रस्त्याला कड अशी नाहीच. इथे धावायचंच असेल तर मधल्या वारी, उजाडता उजाडता.

उत्तरेचा काठ म्हणजे कुडजे, मांडवी, सांगरून. कोंढवे-धावडेकडून जायचं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीएच्या) हद्दीत शिरायचं नाही, तो लष्करी भाग आहे, फोटोही काढू नका. पुढे रस्ता अरुंद, खेड्यांतून जाणारा, भाताची खाचरं, वाहनं तुरळक. सतत लहान-लहान चढ-उतार, त्यामुळे २० किमीचा लाँग रन सपाट २०पेक्षा १०-१२ मिनिटं जास्त घेतो. तेवढी धरूनच वेळेचं गणित करा. सांगरूनला मुठा, मोसी आणि आंबी एकत्र येतात, तिथून परत फिरा. गावातल्या टपऱ्या लवकर उघडतीलच असं नाही, म्हणून जाताना पाण्याची बाटली एखाद्या ओळखीच्या खुणेपाशी झुडपामागे ठेवा आणि येताना घ्या. झाकण नीट लावा, मुंग्या शिरतात. आणि रिकामी बाटली घरी आणा.

बोपदेव घाट चढाच्या सरावाला चांगला आहे, येवलेवाडीच्या बाजूने साधारण ४ किमी चढ. पण अंधारात आणि एकट्या-दुकट्याने नको, उजाडल्यावर गटाने जा. दिवे घाटात धावूच नका, अवजड वाहनं आणि वळणं. तिथे पायी जायचं ते ज्येष्ठात, माउलींच्या पालखीबरोबर, रस्ता वाहनांना बंद असतो तेव्हा.

समुद्रपातळी
विद्यापीठाचा मार्ग नक्की केला, आभार. जाता जाता एक: पुण्यात हिवाळ्यात पहाटे हवेला जळका वास येतो, असं ऐकलंय. मग उशिरा धावावं का?

टाच_पंजा
वास येतो, कारण थंड हवा जड असते आणि पहाटे खोलगट भागात साचून राहते. शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्यांचा धूर, सगळं तिच्यातच अडकतं. ऊन तापून जमीन गरम झाली की हवा वर उठते आणि धूर पातळ होतो. पण तोवर नऊ वाजतात आणि वाहतूक सुरू झालेली असते. म्हणून वेळ बदलण्यापेक्षा जागा बदला. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठ आणि मोठे चौक सोडा, टेकडीवर जा. वरून पाहिलंत तर खाली शहरावर धुराची पट्टी स्पष्ट दिसते, तुम्ही तिच्या वर असता. वेगाचा सराव असेल तर बालेवाडीचा किंवा सणस मैदानाचा ४०० मीटरचा ट्रॅक, आणि तोही संध्याकाळी.

साडेपाच_वाजता
सगळं टिपून घेतलं. रविवारी तळजाई, चढ धावत, उतार चालत. @गिरिपुष्प, मोज्यांत घुसलेलं कुसळ काढायची काही युक्ती? धुतलं तरी निघत नाही.

गिरिपुष्प
धुता म्हणूनच निघत नाही. कुसळाची शेपटी ओली झाली की तिचा पीळ सुटतो आणि ती फिरत फिरत टोक आत रुतवते. बी मातीत शिरण्यासाठी केलेली सोय आहे ती. मोजा धुण्याआधी उलटा करून उन्हात कडकडीत वाळवा, मग टोकाच्या बाजूने चिमट्याने ओढा. शेपटीकडून ओढलंत तर मागे वळलेले केस अडकतात आणि टोक आतच तुटतं. बुटाच्या जिभेखाली बघायला विसरू नका, तिथे हमखास दोन-तीन असतात.